रक्तदाबाच्या गोळ्यांची खतावणी

यंदाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात, अशी चिटणीसांची सूचना आली तेव्हा डाळींच्या भावावर अथवा साठवणुकीच्या नियमांवर लिहावे, असे प्रथम मनात आले. परंतु त्या विषयांवर अधिकाराने लिहिणारे जाणते व्यापारी आपल्यात पुष्कळ आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि सारा जन्म तूर, हरभरा नि ज्वारीच्या गोण्यांत घालविलेला मनुष्य. वैद्यकाचे ज्ञान मजपाशी नाही. तथापि पर्युषणात मजवर जो प्रसंग गुदरला, त्यातून काही गोष्टी डॉक्टरांकडून समजून घ्याव्या लागल्या. आपल्या बहुतेक घरांत आज रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी आहेच. तेव्हा माझ्या चुकीचा लाभ इतरांस तरी व्हावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

मला रक्तदाबाचा विकार जडून चौदा वर्षे लोटली. नारायणगुड्यातील आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मला दोन गोळ्या लावून दिल्या होत्या आणि त्यांवर प्रकृती उत्तम चालली होती. त्या वर्षी श्रावणात एका आप्ताच्या घरी कार्यानिमित्त मराठवाड्यात जाणे झाले. दोन रात्री जागरण, प्रवास, त्यात पापड-लोणच्यांची पंगत. डोके जड झाले म्हणून तेथील एका डॉक्टरांस दाखविले. रक्तदाब चढलेला निघाला. ‘सध्या कोणत्या गोळ्या घेता?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा मी उत्तर दिले, ‘एक पांढरी आणि एक पिवळसर.’ लाखो रुपयांच्या मालाचे नाव, वाण आणि वजन तोंडपाठ सांगणारा मी, माझ्याच पोटात रोज जाणाऱ्या मालाचे नाव मला सांगता येईना. त्यांनी एक नवी गोळी लिहून दिली. ती घेऊन मी घरी आलो आणि जुन्या दोन गोळ्यांत तिसरीची भर घातली. आमच्या डॉक्टरांस मात्र याविषयी काही कळविले नाही.

त्याच सुमारास गुडघा दुखू लागला. शेजारच्या दुकानदाराने स्वतःस गुणकारी ठरलेली वेदनाशामक गोळी सुचविली, तीही सुरू झाली. पुढे पर्युषण आले. तिसऱ्या दिवशी माझा उपवास होता. सकाळी उकळलेल्या पाण्याबरोबर चारही गोळ्या घेतल्या आणि पेढीवर जाऊन बसलो. दुपारी गादीवरून उठलो, तोच डोळ्यांपुढे अंधार आला. शेजारी उभ्या असलेल्या हमालाने सावरले नसते, तर वजनकाट्याच्या लोखंडी कडेवर डोके आपटले असते. इस्पितळात रक्तदाब मोजला, तो ८४ आणि ५० भरला. रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन २.१ निघाले. ते पूर्वी १ च्या आत असे. म्हणजे मूत्रपिंडांवरही ताण आला होता.

आमच्या डॉक्टरांनी घरातून साऱ्या गोळ्या मागविल्या, त्यांची पाकिटे मेजावर ओळीने मांडली आणि बारीक अक्षरे वाचून दाखविली. माझ्या जुन्या पिवळसर गोळीत टेल्मिसार्टन होते. गावाहून आणलेल्या नव्या गोळीतही टेल्मिसार्टनच होते, शिवाय लघवी वाढविणारे औषध होते. कंपन्या निराळ्या, नावे निराळी, रंग निराळा, पण माल तोच. डॉक्टर हसून म्हणाले, ‘शेटजी, एकाच आसामीची आपण दोन खाती उघडलीत आणि तेरीज मात्र कधी जमविली नाही.’ हे वाक्य माझ्या मनात कायमचे कोरले गेले. मूत्रपिंडे पूर्ववत व्हावयास तीन आठवडे लागले. दैव आणि डॉक्टर अनुकूल म्हणून निभावले, एवढेच खरे.

अधिक गोळ्या म्हणजे अधिक आजार नव्हे

हा प्रसंग ऐकून माझे एक स्नेही म्हणाले, ‘पाहा, इतक्या गोळ्या घेतल्यावर दुसरे काय होणार! एकच गोळी घ्यावी आणि बाकी सोडून द्याव्यात.’ वाचकहो, हा उपदेश माझ्या चुकीपेक्षाही घातक आहे. रक्तदाबासाठी दोन किंवा तीन औषधे घ्यावी लागणे ही सामान्य गोष्ट आहे आणि त्यामागे विचार आहे.

या औषधांचा इतिहास पाहू लागल्यास त्यात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या वापरात होती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा पद्धतशीर उपयोग करून पाहिला आणि त्याचे निष्कर्ष १९४९ साली इंग्लंडमधील हृदयरोगाच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील शास्त्रज्ञांनी तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले. १९५७ साली डॉ. वकील यांस अमेरिकेतील लास्कर पारितोषिकाचा मान मिळाला. परंतु या औषधाची मात्रा वाढविली की काही रुग्णांस खिन्नता येई. म्हणून त्याची मात्रा थोडी ठेवून जोडीस दुसरे औषध द्यावे, हा मार्ग डॉक्टरांनी पत्करला. १९५८ च्या सुमारास क्लोरोथायझाइड हे मूत्रल औषध बाजारात आले आणि अशी जोडी लावणे अधिक सोपे झाले.

तो विचार आजही टिकून आहे. रक्तदाब वाढण्याची कारणे अनेक असतात. कोठे रक्तवाहिन्या आवळलेल्या असतात, कोठे शरीरात मीठ आणि पाणी साचलेले असते, कोठे हृदय जोराने चालत असते. एकच दरवाजा बंद केला, तर शरीर दुसऱ्या दरवाजाने दाब वाढवू पाहते. २००९ साली बेचाळीस चाचण्यांचा एकत्र हिशेब मांडण्यात आला. त्यात असे दिसले की, एका औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा निराळ्या जातीचे दुसरे औषध जोडल्यास रक्तदाब सुमारे पाचपट अधिक उतरतो. मात्रा थोडी राहिल्याने त्रासही कमी होतो. शिवाय एकाची खोट दुसऱ्याने भरून निघते. मूत्रल औषध रक्तातील पोटॅशियम उतरविते, टेल्मिसार्टन ते किंचित चढविते. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या पायांस सूज येते, ती सूज टेल्मिसार्टनच्या जोडीने कमी होते. जमा आणि नावे या दोन्ही बाजू जुळाव्यात, तशी ही योजना असते.

२०१७ च्या नोव्हेंबरात रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, त्यात पहिल्या पाच राज्यांत आपले तेलंगण आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये होती. त्याचे सूत्रही साधेच आहे. मोजकी ठराविक औषधे, ती वाढविण्याच्या ठराविक पायऱ्या आणि प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद. तेव्हा दोष गोळ्यांच्या संख्येत नसून नोंद नसण्यात आहे, हेच माझे सांगणे आहे.

मालाचे खरे नाव ओळखावे

गोणीवरील मार्का पाहून आपण माल घेत नाही, मूठभर दाणे हातावर घेऊन पाहतो. गोळीच्या बाबतीतही मोठ्या अक्षरांतील नाव हा केवळ मार्का होय. त्याच पाकिटावर औषधी द्रव्याचे नाव आणि मिलिग्रॅममधील मात्रा छापलेली असते, तो खरा माल. ही नावे प्रथम अवघड वाटतात, पण त्यांच्या शेवटावरून जात ओळखता येते. ज्यांच्या शेवटी ‘डिपिन’ येते, उदाहरणार्थ अ‍ॅम्लोडिपिन किंवा सिल्निडिपिन, ती रक्तवाहिन्या सैल करतात. ‘सार्टन’ आणि ‘प्रिल’ या शेवटांची औषधे, म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल वगैरे, शरीरातील रक्तवाहिन्या आवळणाऱ्या एका द्रव्यास अटकाव करतात. ‘प्रिल’ने काहींस कोरडा खोकला लागतो. ‘लॉल’ने संपणारी, जसे अ‍ॅटेनोलॉल व मेटोप्रोलॉल, हृदयाची गती मंद करतात. हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथालिडोन आणि इंडापामाइड ही मूत्रल औषधे होत.

जोडगोळीच्या नावापुढे बहुधा एखादे अक्षर जोडलेले असते. ‘एएम’ असल्यास प्रायः अ‍ॅम्लोडिपिन, ‘एच’ असल्यास हायड्रोक्लोरोथायझाइड आणि ‘सीटी’ असल्यास क्लोरथालिडोन समजावे. मात्र अक्षरावर विसंबू नये, पूर्ण नाव वाचावे. एकाच शेवटाची दोन नावे आपल्या डबीत आढळली, तर ती तशीच डॉक्टरांपुढे ठेवावी.

येथे एक बारीक सूचना करतो. औषधविक्रेता पाच-सहा गोळ्या कापून देतो, तेव्हा नाव आणि मुदत छापलेला भाग पुष्कळदा त्याच्याकडेच राहतो. शक्य तो पूर्ण पाकीट घ्यावे. कापून घेणे भागच असल्यास नाव, मात्रा आणि मुदत बिलावर लिहून घ्यावी.

जे एकत्र नांदत नाहीत

काही औषधांची जोडी डॉक्टर जाणूनबुजून टाळतात. दोन डॉक्टर परस्परांस न कळता औषध देऊ लागले की ती जोडी आपल्या घरात जमते. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ यांचे असे आहे. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत पंचवीस हजारांहून अधिक रुग्ण होते. रॅमिप्रिल आणि टेल्मिसार्टन ही दोन्ही एकत्र दिल्याने त्यांस अधिक लाभ झाला नाही, उलट अपाय मात्र वाढले. ‘लॉल’ जातीच्या औषधासोबत वेरापामिल किंवा डिल्टियाझेम आल्यास हृदयाची गती फाजील मंदावू शकते. पौरुषग्रंथीच्या विकारासाठी टॅम्सुलोसिनसारखे औषध घेणाऱ्या वृद्धांस रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर एकदम उठताना घेरी येण्याचा संभव असतो. ते औषध निराळ्या डॉक्टरांनी दिलेले असते, म्हणून त्याचा उल्लेख करावयाचा राहून जातो.

माझ्या बाबतीत घडले ते तिहेरी संकट होते. सार्टन, मूत्रल औषध आणि वेदनाशामक गोळी ही तीन एकत्र आली की मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो, आणि शरीरात पाणी कमी असल्यास तो आणखी खालावतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नेप्रॉक्सेन या वेदनाशामक गोळ्या रक्तदाबही चढवितात. ‘अंगदुखीचीच तर गोळी’ असे म्हणून त्या परस्पर घेऊ नयेत. सर्दीवरील नाक मोकळे करणाऱ्या कित्येक गोळ्यांचीही तीच गोष्ट आहे.

घरगुती वस्तूंबाबतही सावध असावे. खोकल्यासाठी ज्येष्ठमध पुष्कळ दिवस चघळल्यास रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरते. सर्पगंधेचे चूर्ण हे वर सांगितल्याप्रमाणे स्वतःच रक्तदाबाचे औषध आहे. ते गुपचूप घेणे म्हणजे आणखी एक खाते उघडणे होय. सैंधव हेही अखेर मीठच आहे. आणि ‘कमी सोडियमचे’ म्हणून जे मीठ विकले जाते, त्यात पोटॅशियम घातलेले असते. सार्टन, प्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांनी अथवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते डॉक्टरांस विचारल्याखेरीज वापरू नये. घरातील लेकीसुनांविषयीही एक गोष्ट ध्यानात असावी. प्रिल आणि सार्टन ही गर्भास अपायकारक आहेत. गर्भधारणा संभवत असल्यास डॉक्टरांस आधीच सांगावे.

व्रत आणि औषध

आपल्या समाजात चौविहार पाळणारी घरे पुष्कळ आहेत. सूर्यास्तानंतर पाणीही घ्यावयाचे नाही, मग रात्रीची गोळी कशी घ्यावी, या संकोचापायी कित्येक वडीलधारी मंडळी ती गोळी निमूटपणे सोडून देतात आणि डॉक्टरांस ‘घेतो’ म्हणून सांगतात. असे करण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांस रक्तदाबाची औषधे सकाळी अथवा संध्याकाळी देऊन पाच वर्षांहून अधिक काळ पाहण्यात आले. हृदयविकार आणि पक्षाघात यांच्या बाबतीत दोहोंत फरक आढळला नाही, हे २०२२ साली प्रसिद्ध झाले. अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे दिवसातून एकदाच घ्यावयाची असतात. आपले व्रत डॉक्टरांस मोकळेपणाने सांगितल्यास ते बहुधा सकाळची वेळ नेमून देऊ शकतात. मात्र वेळ त्यांनी बदलावी, आपण नव्हे.

उपवास, अठ्ठाई अथवा निर्जळ व्रत करावयाचे असल्यास निदान पंधरा दिवस आधी डॉक्टरांची भेट घ्यावी. त्या दिवसांत कोणती गोळी चालू ठेवावी, कोणती थांबवावी किंवा कमी करावी, हे लिहून घ्यावे. जुलाब, वांत्या किंवा कडक उन्हाने शरीरातील पाणी आटले असता हाच प्रश्न येतो, तेव्हाही त्याच दिवशी फोन करून विचारावे. आपल्या पूर्वजांनी पच्चक्खाणात आगार ठेवण्याची रीत घालून दिली आहे. ती देहाची मर्यादा ओळखूनच. आजारी माणसाने तपाचा आग्रह किती धरावा, हे त्याने आपल्या गुरुजनांसही अवश्य विचारावे.

याच्या उलट, बरे वाटू लागले म्हणून गोळी एकाएकी बंद करणे हेही तितकेच धोक्याचे आहे. विशेषतः ‘लॉल’ जातीची औषधे आणि क्लोनिडिन ही एकदम सोडल्यास रक्तदाब आणि हृदयाची गती उसळून येते. ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून हळूहळूच उतरवावी लागतात. एखाद्या दिवशी गोळी विसरली, तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नये. राहिलेला दिवस राहिला.

पासंग पाहून मोजावे

ताजव्याचा पासंग काढल्याशिवाय तोल खरा येत नाही, हे आपणांस सांगावयास नको. रक्तदाब मोजण्याचीही तीच रीत आहे. घाईने जिना चढून येऊन किंवा चहा घेऊन लगेच मोजू नये. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधावा आणि हात हृदयाच्या पातळीस टेकलेला असावा. मोजताना बोलू नये. दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. वृद्धांनी नंतर उभे राहून एक-दोन मिनिटांनी पुन्हा मोजावे. उभे राहिल्यावर वरचा आकडा वीस अथवा खालचा दहा उतरत असेल, तर ते डॉक्टरांस लवकर कळवावे. माझी घेरी या मोजणीत आधीच सापडली असती. नवी सार्टन, प्रिल किंवा मूत्रल गोळी सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासावयास डॉक्टर सांगतात. त्यात काटकसर करू नये.

छातीत दुखणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, तोंड वाकडे होणे, वाचा अडखळणे यांपैकी काही घडल्यास गोळ्यांचा विचार करीत न बसता १०८ क्रमांकास फोन करावा. ही सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी आपल्या हैदराबादेतच सुरू झाली.

शेवटी खतावणीकडे येतो. इस्पितळातून परतल्यावर मी एक लहान वही केली. एका पानावर प्रत्येक औषधाचे खरे नाव, मात्रा, वेळ, कशासाठी, कोणी दिले आणि केव्हापासून, अशी सहा घरे आखली. गुडघ्याचे मलम, डोळ्यांचे थेंब, आयुर्वेदिक चूर्ण, सारे त्यात येते. बंद झालेले औषध खोडून तारीख घालतो. पानाचे छायाचित्र मुलाने आपल्या आणि माझ्या फोनमध्ये ठेवले आहे. कोणत्याही डॉक्टरांकडे, दंतवैद्याकडेसुद्धा, गेलो की प्रथम ती वही पुढे करतो. नवी गोळी मिळाली की विचारतो, ‘ही जुन्यांपैकी कोणाच्या ऐवजी आहे, की त्यांच्या जोडीस आहे?’ हा एकच प्रश्न मी श्रावणात विचारला असता, तर पुढचे सारे टळले असते. आणि सर्व हिशेब एकाच डॉक्टरांकडे राहील, अशी व्यवस्था ठेवली आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीत भारतातील शंभर प्रौढांपैकी सुमारे पस्तीस जणांस उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे आपल्या मंडळातील प्रायः प्रत्येक कुटुंबाचा हा प्रश्न आहे. दिवाळीस आपण वह्यांचे पूजन करतो, वर्षाचा ताळेबंद जुळवितो, पै-पैची फरक शोधून काढतो. त्याच दिवशी घरातील वडीलधाऱ्यांची औषधांची डबी उघडून एक पान लिहून काढावे, अशी सर्व बंधु-भगिनींस माझी हात जोडून विनंती आहे. गल्ल्यातील चूक पुढल्या वर्षी भरून काढता येते, शरीरातील चुकीस तेवढी मुदत मिळेलच असे नाही.